परिच्छेद : लेखनातील खतावणी

जुन्या पेढ्यांच्या लाकडी पेट्यांत अजूनही मोडी लिपीतील पत्रे सापडतात. असे एखादे पत्र आजच्या तरुणाच्या हाती दिले, तर लिपी वाचता येत नसतानाही एक गोष्ट त्याच्या नजरेला खटकते. कागदाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मजकूर सलग वाहत गेलेला असतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही, आणि नवी ओळ घेऊन नवा परिच्छेद पाडण्याची तर बातच नाही. मग या लोकांना एक मुद्दा कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे कळत कसे असे?

कळत असे, आणि चांगले कळत असे. पत्र पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखवले जाई. गादीवर बसलेला शेठ ऐके आणि मुनीम वाचे. त्यामुळे परिच्छेदाची खूण डोळ्यांसाठी नसून कानांसाठी असे. आरंभी ‘श्री’, त्यानंतर समोरच्याच्या योग्यतेप्रमाणे मायना, मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ ही ठराविक विनंती. येथवर ऐकणारा थोडा सैल बसलेला असे. ‘विशेष’ हा शब्द कानी पडला की तो सावरून बसे, कारण पत्राचा खरा मजकूर येथून सुरू होई. समोरच्या पत्रातील मुद्दा उद्धृत करून झाला की ‘ऐशियास’ किंवा ‘त्यास’ हा शब्द येई. त्याचा अर्थ, तुमचे म्हणणे संपले, आता आमचे उत्तर ऐका. ‘कळावे’ आणि ‘बहुत काय लिहिणे’ हे शब्द आले की पत्र आटोपले. करारमदार किंवा मागण्यांची यादी असेल, तर ती कलमबंद करून, म्हणजे एकेक कलम वेगळे मांडून लिहिण्याची रीतही मराठी दप्तरांत रुळलेली होती. कागदावर परिच्छेद दिसत नव्हता. लिहिणाऱ्याच्या मनात तो पक्का होता.

‘परिच्छेद’ हा शब्दही आजच्या अर्थाने तसा नवाच. परिच्छेद म्हणजे चहूबाजूंनी छेदून वेगळा केलेला भाग, मर्यादा घातलेला भाग. संस्कृत ग्रंथांत हा शब्द अध्यायासाठी वापरला जाई. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’चे दहा परिच्छेद आहेत, वादिदेवसूरींच्या ‘प्रमाणनयतत्त्वालोका’चे आठ. हे परिच्छेद पानोपाने चालतात. हस्तलिखित पोथ्यांत प्रकरण संपल्याची खूण म्हणून दोन दंडांमध्ये ‘छ’ हे अक्षर लिहीत, कधी तेवढीच जागा लाल शाईने उठावदार करीत. ग्रीकांकडेही प्रकार असाच होता. इंग्रजी ‘पॅराग्राफ’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ ओळीच्या बाजूला ओढलेली रेघ. मजकूर येथे वळतो, एवढेच ती रेघ सांगे.

ओळींच्या त्या लहान, आत सरकवून सुरू केलेल्या गठ्ठ्याला ‘परिच्छेद’ म्हणण्याची सवय मराठीला छापखान्याने लावली, आणि त्या छापखान्यांचे घर मुंबई होते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी स्तंभांत छापलेला असे. दोन भाषांचे स्तंभ समोरासमोर आले की एकीकडचा मुद्दा दुसरीकडे शोधता यावा अशी मांडणी करावीच लागते. सलग ओघ तेथे उपयोगाचा नाही. पुढे विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे काम मेजर थॉमस कँडी यांनी केले. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याच्या देवनागरी टाइपाचे नाव देशभर झाले. आगमोदय समितीचे कित्येक ग्रंथ तेथेच छापले गेले, हे अनेक जैन घरांतील कपाटे उघडून पाहिल्यास आजही दिसेल. तेथून थोड्याच अंतरावर, सी. पी. टँकच्या हिराबागेत, नाथूराम प्रेमींनी हिंदी ग्रंथ रत्नाकर चालवले. गिरगाव, काळबादेवी, ठाकूरद्वार या टापूत कापड आणि किराणा यांच्या बरोबरीने अक्षरांचाही व्यापार होत होता. कानांसाठी असलेली खूण डोळ्यांसाठी झाली, ती या गल्ल्यांत.

परिच्छेदाचे शास्त्र मात्र बाहेरून आले. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ च्या आपल्या लेखनविषयक पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. एका परिच्छेदात एकच विषय असावा, तो पहिल्या वाक्यातच ओळखू यावा, आणि प्रत्येक वाक्याचा मागच्या वाक्याशी संबंध दिसावा, असा त्यांचा आशय. शाळांतून आजही निबंधाच्या तासाला जे शिकवतात ते थोड्याफार फरकाने हेच. वर्णनात्मक, कथनात्मक, स्पष्टीकरणात्मक आणि युक्तिवादात्मक असे चार प्रकार फळ्यावर लिहिले जातात, मुले ते वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षा झाली की विसरतात. विसरतात, कारण हे प्रकार कशासाठी, हे फळ्यावर लिहिलेले नसते.

व्यापारी घरातील वाचकाला ते दुसऱ्या वाटेने चटकन समजेल. पेढीवर दोन वह्या असत. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरत: सकाळी माल आला, मग हमाली दिली, मग उधारी वसूल झाली, मग पुन्हा माल गेला. कीर्द खरी असते, पूर्ण असते, पण तिच्याकडे पाहून कोणाकडून किती येणे आहे ते सांगता येत नाही. त्यासाठी खतावणी करावी लागते. एकेका असामीच्या नावाने खाते उघडायचे आणि कीर्दीतील प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायची. माणसाच्या मनात विचार येतात ते कीर्दीसारखे. जे आठवले ते आठवले त्या क्रमाने. परिच्छेद पाडणे म्हणजे त्या कीर्दीची खतावणी करणे होय. एका खात्यात दुसऱ्याची रक्कम पडली तर ताळेबंद जुळत नाही. एका परिच्छेदात दुसऱ्याचा मुद्दा शिरला तर वाचणाऱ्याचा हिशेब बिघडतो. आता टॅलीत एक नोंद केली की खतावणी यंत्रच करून टाकते. लिहिण्यात तशी सोय अजून झालेली नाही.

हा केवळ दृष्टान्त नव्हे. गिरगाव, लालबाग, परळ येथील जुन्या इमारतींत दुकान असलेल्या अनेक कुटुंबांपुढे सध्या जे कागद येत आहेत, त्यांत परिच्छेदाला पैशांची किंमत आहे. या भागातील बऱ्याच इमारती उपकरप्राप्त, त्यांतही १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या ‘अ’ वर्गातील आहेत. त्यांच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचा आधार असतो. दुकानदाराला मात्र त्याच्या ताब्यात सध्या जेवढी जागा असेल तेवढीच मिळते. म्हणजे मोजणीच्या तक्त्यात जो आकडा पडला, तो पुढच्या पिढीच्या दुकानाचा आकार ठरवतो. आकडा चुकला तर अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याच्यापुढे त्या दिवशी तसे बरेच अर्ज असतात.

समजा, गिरगावातील अशा एका इमारतीच्या तळमजल्यावर भांड्यांचे दुकान आहे. तक्त्यात पोटमाळा धरलेला नाही. सत्तरी ओलांडलेले मालक स्वतः अर्ज लिहायला बसतात आणि मनात येईल तसे लिहीत जातात:

‘आमचे दुकान या इमारतीत फार वर्षांपासून आहे. वडिलांनी ते सुरू केले तेव्हा समोरून ट्राम जात असे. पावसाळ्यात मागच्या भिंतीतून पाणी येते, दोनदा तक्रार केली, कोणी पाहत नाही. दुकानाला पोटमाळा आहे. वडील वारल्यावर भाडेपावती आईच्या नावे झाली व नंतर आमच्या. आपले कर्मचारी मोजणीस आले ते सौजन्याने वागले. पोटमाळ्याचा जिना १९६२ सालापासून आहे, सुताराच्या बिलाची पावती आहे. आपल्या तक्त्यात १४० चौरस फूट लिहिले आहे. पोटमाळा धरून १८० होतात. धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही. तरी न्याय मिळावा.’

यातील एकही वाक्य खोटे नाही. एकही वाक्य वाईट मराठीत नाही. तरीही वाचणारा अधिकारी अर्ध्यावर येईतो अर्जाच्या कोपऱ्यात ‘गळतीची तक्रार’ असा शेरा मारून तो दुरुस्तीच्या विभागाकडे पाठवून देईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही. कागदावर खाते उघडले गेले ते गळतीचे; पोटमाळ्याची रक्कम त्याच खात्यात कोठेतरी पडून राहिली.

याच मजकुराची खतावणी केली तर काय होते? पहिला परिच्छेद दोन वाक्यांचा: मोजणीच्या तक्त्यात अमुक क्रमांकाच्या गाळ्याचे क्षेत्र १४० चौरस फूट नोंदले आहे, त्यात ४० चौरस फुटांचा पोटमाळा धरलेला नसल्याने ती नोंद दुरुस्त करून १८० चौरस फूट करावी. हा प्रास्ताविक परिच्छेद. मराठी माणसाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला तर विशेषच, मागणी पहिल्याच ओळीत करणे उद्धटपणाचे वाटते. आधी कुशल, मग ओळख, मग जुने दिवस, आणि शेवटी ‘तरी कृपा व्हावी’ अशी आपली घडण आहे. घरच्या पत्रात ती शोभते. कचेरीच्या अर्जात पहिला परिच्छेद मागणीचाच हवा, कारण तेथे तोच ‘विशेष’ आहे.

दुसरा परिच्छेद कथनाचा. त्याचा क्रम काळाचा: अमुक साली वडिलांनी गाळा भाड्याने घेतला, १९६२ मध्ये पोटमाळा व जिना बसवला, अमुक साली पावती आईच्या नावे, अमुक साली सध्याच्या भाडेकरूच्या नावे. यात ट्रामला जागा आहे का? मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली. त्यापूर्वीपासून दुकान आहे, असा आठवणीचा पुरावा तिच्यात दडलेला आहे खरा, पण पावत्या हाती असताना त्याची गरज नाही. नातवंडांसाठी दुकानाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा तीच ट्राम पहिल्या वाक्यात यावी. कथनाच्या परिच्छेदात काय ठेवायचे हे कथन कोणासाठी आहे यावर ठरते.

तिसरा परिच्छेद वर्णनाचा, आणि त्याचा क्रम जागेचा. दर्शनी बाजूपासून मागील भिंतीपर्यंत १४ फूट, रुंदी १० फूट. मागील भिंतीलगत उजव्या हाताला लाकडी जिना. जिन्यावर १० फूट बाय ४ फूट असा पोटमाळा, त्यात मालाची फडताळे. वाचणारा या परिच्छेदातून दुकानात पाऊल टाकून, आत जाऊन, जिना चढून आला पाहिजे. चौथा परिच्छेद युक्तिवादाचा: दुकानदाराला ताब्यातील क्षेत्राइतकीच जागा मिळते, पोटमाळा इतकी वर्षे सलग ताब्यात व वापरात आहे, म्हणून तो क्षेत्रात धरला जावा. तीन पायऱ्या, एकीवर दुसरी. हा दावा मान्य होईल की नाही हे नियमांवर व पुराव्यांवर ठरेल, पण निदान तो दावा म्हणून वाचला तरी जाईल. शेवटी दोन ओळी: सोबत भाडेपावत्या, सुताराचे बिल, गुमास्ता परवाना यांच्या प्रती जोडल्या आहेत. गळतीची तक्रार दुसऱ्या कागदावर, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावे. धंदा मंदावल्याचे दुःख कोणत्याच खात्यात बसत नाही. ते घरी बोलावे.

शाळेतल्या त्या चार प्रकारांपैकी तीन असे एका साध्या अर्जात सहज येऊन गेले. त्यांची नावे पाठ करण्याची गरज नव्हती. काळ सांगायचा असला की कथन, जागा किंवा वस्तू दाखवायची असली की वर्णन, कारण पटवायचे असले की युक्तिवाद. काम बदलले की आतील वाक्यांचा क्रम बदलतो, आणि क्रम बदलला की नवी ओळ घ्यावी लागते.

वर्णनाविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण त्याला पुष्कळजण शोभेची वस्तू समजतात. जैन संघांनी आचार्यांना चातुर्मासासाठी आमंत्रण देण्याकरिता पाठवलेली विज्ञप्तिपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा गैरसमज राहणार नाही. या लांबच लांब गुंडाळ्या असत. आग्र्याच्या संघाने १६१० साली विजयसेनसूरींना पाठवलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले पत्र प्रसिद्धच आहे. पुढच्या काळातील कित्येक पत्रांत आरंभी मंगलचिन्हे व स्वप्ने, मग गावातील रस्ते, ओळीने मांडलेली दुकाने, मंदिरे, उपाश्रय, आणि हे सारे उलगडून झाल्यावर अखेरीस लिखित विनंती येते. वरवर पाहता विनंती फार उशिरा आली. पण गुरुमहाराज पायी येणार, चार महिने राहणार. ज्या गावी जायचे ते गाव त्यांच्या डोळ्यांपुढे उभे करणे हेच विनंतीचे निम्मे काम होते. येथे वर्णनाला आधी येण्याचा हक्क आहे. मोजणीच्या अर्जात नाही.

वर्णनाचा आणखी एक नमुना लालबागचा. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसापूर्वी, मसाल्याच्या गल्लीत शिरलेल्या माणसाला जे भेटते ते आधी नाकाला, मग डोळ्याला. कोपऱ्यावरच घशात खवखव सुरू होते. मग दुतर्फा पोत्यांच्या रांगा: गडद लाल, सुरकुतलेली बेडगी, तिच्या शेजारी गुळगुळीत गुंटूर, पुढे धने, हळकुंडे, दगडफूल. आणखी आत डंखांची धपधप, आणि त्यांच्यापुढे भाजलेल्या मिरचीचे डबे घेऊन नंबर लावलेल्या बायका. हा परिच्छेद रस्त्याच्या टोकापासून आत आत जातो आणि वास, रंग, आवाज या क्रमाने जातो. आता याच मिरचीवर दुसऱ्या प्रकारचा परिच्छेद लिहायचा झाला तर: घरगुती मसाल्यात एकच मिरची वापरीत नाहीत, कारण बेडगीने रंग येतो पण तिखटपणा बेताचा, गुंटूर तिखट, पण तिचा रंग बेडगीइतका उतरत नाही, म्हणून दोन्हींचे प्रमाण घरोघरी आपापल्या जिभेप्रमाणे ठरते. हे स्पष्टीकरण. यात वास नाही, आवाज नाही, आणि ते येथे आले तर अडचणच होईल. माल तोच, गल्ली तीच. गिऱ्हाइकाला आत बोलवायचे असेल तर पहिला परिच्छेद, गिऱ्हाइकाने ‘कोणती घेऊ?’ असे विचारले तर दुसरा. जाहिरातीचे पत्रक लिहिणारे बहुधा या दोहोंची खिचडी करतात, आणि वाचणाऱ्याला भूकही लागत नाही, माहितीही मिळत नाही.

परिच्छेद किती लांब असावा, या प्रश्नाचे उत्तर वाचक कोठे आणि कसा बसला आहे यावर अवलंबून असते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली पुण्यात सुरू झाली. तिची वाक्ये लांब, परिच्छेदही लांब. निवांत बसून वाचणाऱ्या, मध्येच थांबून विचार करणाऱ्या वाचकासाठी ते गद्य होते. गिरगावातील ‘नवाकाळ’ हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये सुरू केलेल्या या पत्राला पुढे त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांच्या काळात लालबाग-परळच्या कामगार वस्तीत मोठा वाचक मिळाला. त्यांचे अग्रलेख आखूड वाक्यांसाठी ओळखले जात. पाळी संपवून आलेला, चाळीच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचणारा किंवा दुसऱ्याला वाचून दाखवणारा वाचक समोर असला की वाक्य एका दमात संपले पाहिजे आणि परिच्छेद दोन-तीन दमांत. लांब परिच्छेद विद्वत्तेचा आणि आखूड परिच्छेद उथळपणाचा, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. मात्र आखूड परिच्छेदाचा अतिरेकही होतो. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर टाकण्याची जी टूम हल्ली दिसते, तिच्यात खतावणी नसून सुट्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. सारेच ठळक केले की ठळक असे काहीच उरत नाही.

उलट बाजूला हुंडी आहे. ती एकाच सलग परिच्छेदाची, आणि तशीच हवी. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, मग तिची निमपट सांगून ‘त्याचे दुप्पट’ असे पुन्हा एकदा. कोण देणार, कोणाला, कोणत्या मितीस. मध्ये मोकळी जागा सुटली तर तेथे कोणीतरी काहीतरी घुसडू शकेल, म्हणून जागा सोडायचीच नाही. काम एकच, खाते एकच, परिच्छेदही एकच.

ज्या परिच्छेदांना स्वतःचे काही सांगायचे नसते तेही कधीकधी लागतात. दोन मोठ्या मुद्द्यांमध्ये एखाद-दुसऱ्या वाक्याचा सांधा ठेवावा लागतो: ‘येथवर जागेचा विचार झाला, आता भाड्याचा.’ त्याला संक्रमणाचा परिच्छेद म्हणतात. दादरच्या पुलासारखे त्याचे काम आहे. तेथे कोणाला राहायचे नसते, पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जायचे असते. पण पूल नीट नसला की माणसे चुकीच्या गाडीत चढतात. दादरला दोन्ही मार्गांवर १, २, ३ असेच फलाट क्रमांक होते, आणि नवख्या माणसाची त्यात हमखास फसगत होई. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ पासून पुढचे क्रमांक दिले गेले तेव्हा तो गोंधळ आवरला. लेखातही सांध्याचे वाक्य नेमके हेच सांगते की आता मार्ग बदलला आहे.

संवादाच्या परिच्छेदाचा नियम कथा वाचणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो: बोलणारा बदलला की ओळ बदलते. एरवी ललित लेखनाला व्यवहाराचे नियम जसेच्या तसे लागू करू नयेत. गिरगावच्या खटाववाडीत ‘सत्यकथा’चे संपादन करणारे श्री. पु. भागवत हस्तलिखिते बारकाईने वाचून लेखकांना दुरुस्त्या सुचवीत, ही मराठी साहित्यातील सर्वश्रुत गोष्ट आहे. कथेत ओळ कोठे तुटते यावर पात्राच्या मनाचा ठाव लागणे अवलंबून असू शकते. तो विषय मोठा आहे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

उरला शेवटचा परिच्छेद. वहीपूजनाच्या वेळी पहिले पान शुभवचनांसाठी राखतात आणि हिशेब पुढच्या पानापासून सुरू होतो. पत्राच्या अखेरच्या परिच्छेदालाही काहीजण असेच पूजेचे पान समजून त्यात सदिच्छांचा वर्षाव करतात. सांत्वनाच्या पत्रात, लग्नाच्या होकारात किंवा क्षमापनेच्या पत्रात ते योग्यच आहे. तेथे मनच मजकूर असते. पण भागीदाराला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पुढची पायरी हवी: कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचे. मृत्युपत्र किंवा कौटुंबिक वाटणीचा कागद असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. ‘दुकान थोरल्याला द्यावे व घर धाकट्याला, आणि आईची सोय दोघांनी मिळून करावी, दागिने तिचेच’ असे एका दमात लिहिलेले वाक्य लिहिणाऱ्याला स्पष्ट वाटते. तो गेल्यावर मात्र ‘दोघांनी मिळून’ हे आईच्या सोयीपुरते की दुकानाच्या उत्पन्नालाही लागू, यावर दोन भाऊ दोन वकील लावतात. दुकानाचा एक परिच्छेद, घराचा एक, आईचा एक, दागिन्यांचा एक, इतके केले असते तर तो प्रश्न उद्भवलाच नसता.

लिहून झाल्यावर तपासण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या डाव्या समासात, खात्याच्या शिरोभागी लिहितात तसे, दोन-तीन शब्दांत त्याचे नाव लिहून पाहावे. नाव सुचत नसेल तर तो परिच्छेद कशासाठी आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही. दोन नावे द्यावीशी वाटली तर तो तेथे छेदावा. दोन परिच्छेदांना एकच नाव आले तर ते जोडावेत, किंवा एक काढून टाकावा.

ही रीत फोनवरील निरोपालाही लागू पडते, आणि हल्ली पेढीचा बराच पत्रव्यवहार तेथेच होतो. ‘माल निघाला का गाडीचा नंबर पाठव आणि कालच्या चेकचे काय झाले संध्याकाळी मामांकडे जायचे आहे लवकर ये’ असा निरोप गोदामात पोहोचला की उत्तर येते ‘हो’. कशाला हो, ते कोणालाच कळत नाही. तेच तीन निरोप तीन वेळा पाठवले, गाडीचा वेगळा, चेकचा वेगळा, मामांचा वेगळा, तर गोदामातला मुलगा ज्याचे उत्तर द्यायचे त्याच्यावरच बोट ठेवून उत्तर देतो. आणि संध्याकाळी चेकची चौकशी करताना मामांच्या घरचा निरोप वर-खाली सरकवीत बसावे लागत नाही.